ओस्त्रोव्स्कीचं ‘वादळ’ बसवायचंय, तर त्याच्याबद्दल काय आणि किती वाचावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुमच्या हौशी संस्थेला राज्य नाट्य स्पर्धेसाठी अलेक्सांद्र ओस्त्रोव्स्कीचं ‘वादळ’ करायचं आहे. इंग्रजीवरून कच्चा मराठी अनुवाद तयार आहे. पण पहिल्या वाचनाला मंडळींना ते खाष्ट सासू, सोशीक सून, नेभळट नवरा आणि शेवटी नदीत उडी असं नेहमीचं रडकं नाटक वाटलं. कुणी पकडलेलं नसताना सून काटेरीना भर गर्दीत आपल्या चोरट्या प्रेमाची कबुली का देते आणि नंतर पळून न जाता जीव का देते, हे कुणालाच पटेना. म्हणून तुम्ही विचारता आहात, की नाटककाराचं चरित्र आणि त्या काळाचा इतिहास वाचून काही हाती लागेल का?

लागेल, पण सरसकट सगळं वाचून नाही. मी रशियन नाटकं मूळ भाषेतून वाचते, त्यातली काही बसवली आहेत आणि नाट्यशिबिरांतून शिकवतेही. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण चरित्राची नाही. तुमची मंडळी हे नाटक स्वभावांचं नाटक म्हणून वाचताहेत. सासू दुष्ट, नवरा दुबळा, सून भावनाप्रधान, झालं. ओस्त्रोव्स्कीकडे स्वभाव नंतर येतो. आधी येतं ते घर कुणाचं, पैसा कुणाच्या हातात आणि कोण कुणाच्या परवानगीने जगतंय. हे तीन प्रश्न प्रत्येक पात्राला विचारलेत, की भडक वाटणारे प्रसंग अटळ वाटायला लागतात. त्याच्या आयुष्यातलं तुम्हाला नेमकं तेवढंच हवं, जे या तीन प्रश्नांकडे नेतं.

आधी एक घोटाळा टाळू. सोव्हिएत काळात आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या पुस्तकांमुळे ओस्त्रोव्स्की म्हटलं की अनेकांना पोलादावरची ती कादंबरी लिहिणारा निकोलाय ओस्त्रोव्स्की आठवतो. तो विसाव्या शतकातला. आपला अलेक्सांद्र निकोलायेविच जन्मला 1823 साली, मॉस्कोत, आणि गेला 1886 मध्ये. म्हणजे तो गोगोलच्या नंतरचा आणि चेकॉव्हच्या आधीचा. गोगोल आपल्याला पुलंच्या ‘अंमलदार’मुळे घरचा वाटतो, चेकॉव्ह आपण सतत करतो. मधला हा माणूस मात्र निसटतो, आणि रशियन रंगभूमीचा रोजचा संसार त्यानेच उभा केला. जवळपास पन्नास नाटकं. फोनवीझिन, ग्रिबोयेदोव्ह आणि गोगोल यांनी घातलेल्या पायावर इमारत तुम्ही पुरी केलीत, अशा अर्थाचं पत्र कादंबरीकार गोंचारोव्हने त्याला 1882 साली लिहिलं. ही स्तुती मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

त्याचा जन्म झाला तो भाग म्हणजे मॉस्को नदीपलीकडचं झामोस्क्वोरेच्ये. व्यापाऱ्यांची वस्ती. उंच कुंपणं, बंद फाटकं, आत दुकानापासून देवघरापर्यंत सगळा कारभार एका कर्त्याच्या मुठीत. बाप निकोलाय फ्योदोरोविच धर्मगुरूचा मुलगा, पण वकिलीत शिरलेला, आणि याच व्यापाऱ्यांची कामं पाहणारा. आई लहानपणीच गेली. सावत्र आई स्वीडिश वंशाच्या सरदार घराण्यातली आली, तिने मुलांना परकीय भाषा आणि संगीताची गोडी लावली. बापाच्या आग्रहाखातर त्याने मॉस्को विद्यापीठात कायद्याला नाव घातलं आणि 1843 मध्ये पदवी न घेताच सोडलं.

मग आला तो टप्पा, ज्याकडे मी तुमचं लक्ष सर्वांत जास्त वेधीन. 1843 पासून 1851 पर्यंत तो कोर्टात कारकून होता. आधी मॉस्कोच्या ज्या कोर्टात, तिथे आईबाप आणि मुलं यांच्यातले तंटे सलोख्याने सोडवायचे. नंतर व्यापारी न्यायालयात, म्हणजे दिवाळखोरी, हुंड्या, बुडीत कर्जं. रोज त्याच्या टेबलावरून कोण जायचं विचार करा. मुलाला घराबाहेर काढणारा बाप, मालमत्ता नोकराच्या नावावर करून हात वर करणारा दुकानदार, मृत्युपत्रात अट घालून पुतण्याला टांगता ठेवणारा काका. माणसं भावनेच्या भाषेत बोलत असली तरी कागदावर काय लिहिलंय यावर त्यांचं नशीब ठरतं, हे त्याने आठ वर्षं पाहिलं.

त्याचं पहिलं मोठं नाटक यातूनच निघालं. 1850 मध्ये छापून आलेलं, ‘आपलीच माणसं, हिशेब करू’ अशा अर्थाच्या नावाचं. बोल्शोव्ह नावाचा व्यापारी खोटी दिवाळखोरी जाहीर करायचं ठरवतो. त्यासाठी सगळी मालमत्ता विश्वासू कारकुनाच्या नावावर करतो आणि मुलगीही त्यालाच देतो. सावकार रुबलमागे, म्हणजे शंभर कोपेकांमागे, पंचवीस कोपेक मागतात, जावई दहाच्या वर सरकत नाही आणि सासरा कर्जदारांच्या तुरुंगात जातो. खुद्द मुलगी बापासाठी हात सैल सोडत नाही. मॉस्कोच्या व्यापाऱ्यांना हे इतकं झोंबलं की तक्रारी वर गेल्या. झार पहिला निकोलस याने प्रयोगावर बंदी घातली, लेखकावर पोलिसांची पाळत बसली आणि पुढच्या वर्षी नोकरी सुटली. नाटक रंगमंचावर आलं ते 1861 मध्ये, तेही शेवटी पोलीस अधिकारी येऊन गुन्हेगाराला पकडतो असा बदल करून. मूळ शेवटासह ते व्हायला 1881 उजाडलं. शेवटी गुन्हेगार मोकळा राहतो, एवढीच गोष्ट सरकारला सोसवत नव्हती.

आता ‘वादळ’कडे येऊ. 1856 साली नौदल मंत्रालयाने काही लेखकांना नदीकाठच्या लोकांचं जीवन टिपायला पाठवलं. क्रिमियाचं युद्ध रशियाने नुकतंच हरलेलं होतं आणि पाण्यावर जगणाऱ्या लोकांची माहिती नौदलाला हवी होती. ओस्त्रोव्स्कीच्या वाट्याला व्होल्गाचा वरचा टप्पा आला. तिथल्या नोंदींमध्ये एक गोष्ट आहे, ती तुमच्या वार्वाराचं, म्हणजे काटेरीनाच्या नणंदेचं, काम करणाऱ्या मुलीला जरूर सांगा. तोर्झोक या गावात त्याला दिसलं, की लग्नाआधी मुली संध्याकाळी मोकळेपणी हिंडतात, आपल्या आवडत्या तरुणाबरोबर फिरतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. लग्न झालं की त्याच मुली घरात बंद होतात.

ही नोंद डोक्यात ठेवून नाटक पुन्हा वाचा. वार्वारा रात्री बाहेर जाते, काटेरीनाला बागेच्या फाटकाची किल्ली मिळवून देते, आणि तिला अपराधी वाटत नाही. वाचनात मंडळींना ती उथळ आणि नणंद म्हणून जरा कारस्थानी वाटली असेल. ती तशी नाही. तिचं लग्न व्हायचं आहे, म्हणून तिच्या गावच्या रिवाजाने तिला जे मिळतं ते ती घेते आहे. काटेरीना तिच्याच वयाच्या आसपासची, पण कुंपणाच्या पलीकडची. दोघींच्या प्रवेशांत मैत्रिणींचा जिव्हाळा आणि ही असमानता दोन्ही दिसायला हवं. मी हे बसवताना वार्वाराच्या हालचाली मोठ्या आणि काटेरीनाच्या आखडलेल्या ठेवल्या होत्या, आणि पहिल्या अंकापासूनच.

मग काटेरीना पळून का जात नाही? इथे कायदा माहीत हवा. त्या काळच्या रशियन कायदेसंहितेत बायकोने नवऱ्याची अमर्याद आज्ञा पाळावी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. देशातल्या देशात दुसरीकडे राहायला परवाना लागे आणि लग्न झालेल्या बाईला तो नवऱ्याच्या संमतीशिवाय मिळत नसे. घटस्फोट चर्चच्या हातात, आणि जवळपास अशक्य. म्हणजे ती कुठेही गेली तरी तिला पकडून नवऱ्याच्या दारी आणून सोडता येत होतं. शेवटच्या अंकात ती हेच बोलते, की मला धरून आणतील आणि जबरदस्तीने घरी नेतील. आपल्या कानाला तो भावनावेग वाटतो. 1859 च्या प्रेक्षकाला ती साधी वस्तुस्थिती होती.

याच कायद्याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यातून सासू काबानिखा उभी राहते. रशियात 1753 पासून लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिची स्वतःची असे, नवऱ्याची नव्हे. बाईच्या देहावर नवऱ्याचा ताबा, पण पैसा तिचा. त्यामुळे पैसेवाली विधवा ही त्या समाजातली सर्वांत स्वतंत्र बाई ठरते. तिला आज्ञा करणारा कुणी नाही आणि घरातले सगळे तिच्यावर अवलंबून. काबानिखा ही अशी विधवा आहे. म्हणून तिचं काम करणाऱ्या बाईंना ओरडू देऊ नका. तिला ओरडायची गरजच नाही. ती जुन्या रीतीचा शब्द न् शब्द पाळून घेते, मुलाला प्रवासाला निघताना बायकोला काय बजावायचं ते वाक्यावाक्याने पढवते, आणि मनातून तिला भीती आहे की आपल्यामागे ही रीत कोण चालवणार. तिच्यात खरी निष्ठा आहे. ती दाखवलीत तर प्रेक्षक तिला हसणार नाही, घाबरेल.

नवरा तिखोन दुबळा वाटतो, कारण आईच्या मर्जीशिवाय त्याचं स्वतःचं काही नाही. मॉस्कोला दोन आठवडे कामासाठी जायला मिळतंय म्हणून तो सुटकेच्या आनंदात आहे, आणि नेमकी तेव्हाच बायको त्याला विनवते, मला बरोबर घेऊन चल. तो नाही म्हणतो. मला विचाराल तर नाटकाचा कणा हा प्रवेश आहे. मध्यरात्रीच्या भेटीपेक्षा तालमीचा वेळ यावर घाला.

काटेरीना ज्याला चोरून भेटते त्या बोरीसचं कोडंही कागदावरच सुटतं. हा सुशिक्षित तरुण शिव्या देणाऱ्या काकाकडे का राहतो? आजीच्या मृत्युपत्रात अट आहे, की काकाशी आदराने वागलात तर बोरीस आणि त्याच्या बहिणीला त्यांचा वाटा मिळेल. आदराने वागला की नाही हे ठरवणार कोण? काकाच. कोर्टातल्या कारकुनाने लिहिलेलं नाटक आहे, हे इथे लख्ख दिसतं. आणि म्हणूनच शेवटच्या भेटीत काटेरीना म्हणते मला ने, तेव्हा बोरीस म्हणतो, मी माझ्या मर्जीने जात नाहीये, काका पाठवतोय. हा काका, दिकोय, मजुरांना माणशी एकेक कोपेक कमी देतो आणि नगरप्रमुखाने विचारलं तर त्याच्या खांद्यावर थाप मारून सांगतो, की यातूनच माझे हजारो जमतात. असे मनमानी, सत्ता आणि पैसा एकाच ठिकाणी साठलेले व्यापारी ओस्त्रोव्स्कीने इतके रंगवले, की रशियात त्या प्रकारच्या माणसाला ‘समोदूर’ म्हणतात ते मुख्यतः त्याच्या नाटकांमुळे रूढ झालं.

थोडक्यात, इथवरचं सूत्र एवढंच: वार्वाराला मोकळीक आहे कारण ती अविवाहित आहे, काबानिखाला सत्ता आहे कारण ती मालक आहे, तिखोन आणि बोरीस दोघेही दुसऱ्याच्या पैशावर आहेत, आणि काटेरीनाकडे यातलं काहीच नाही.

राहिली कबुली. तुमची शंका नवी नाही. नाटकाचा पहिला प्रयोग मॉस्कोच्या माली थिएटरात नोव्हेंबर 1859 मध्ये झाला. दुसऱ्याच वर्षी दोब्रोल्युबोव्ह या तरुण समीक्षकाने काटेरीनाला अंधाऱ्या राज्यातला प्रकाशाचा किरण म्हटलं. भूदास प्रथा, म्हणजे शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे असण्याची पद्धत, 1861 मध्ये संपली, तिच्या तोंडावरचा हा काळ, त्यामुळे लोकांनी त्यात राजकीय अर्थ वाचला. पण 1864 मध्ये पिसारेव्हने उलट विचारलं, की क्षणिक लहरींवर वागणाऱ्या या बाईत प्रकाश कसला? तुमच्या मंडळींचा आक्षेप जवळपास तोच आहे.

माझं मत असं, की दोघांनीही तिची श्रद्धा पुरेशी गंभीरपणे घेतली नाही. पहिल्याच अंकात ती सांगते: वीज पडून मरायची भीती नाही, भीती आहे ती मृत्यू अचानक, आहे तशी, सगळ्या पापांसकट गाठेल याची. हे वाक्य अनुवादात शोधा आणि ते स्पष्ट ऐकू येईल असं बसवा. चौथ्या अंकात ती एका जुन्या, पडक्या इमारतीत वादळात अडकलेली आहे. भिंतीवर नरकाग्नीचं पुसट चित्र, समोर तिला शाप दिल्यासारखी बोलणारी म्हातारी, आणि लोक म्हणताहेत की ही वीज कुणालातरी घेऊन जाणार. पाप कबूल न करता मरणं म्हणजे कायमचा नरक, असं मनापासून मानणाऱ्या माणसाने त्या क्षणी दुसरं काय करावं? तिच्या दृष्टीने ती कबुली गर्दीसमोर नाहीच, ती देवासमोर आहे. गर्दी फक्त तिथे आहे. नटीला हे सांगितलं की आवाज आपोआप खाली येतो. त्याच अंकात कुलीगिन हा स्वतः शिकलेला यंत्रकार, वीज म्हणजे विद्युत आहे, विजेपासून वाचवणारा दांडा बसवू, असं सांगत असतो आणि दिकोय त्याला पाखंडी ठरवून हाकलतो. कुलीगिनचं भाषण लांब वाटतं म्हणून कापू नका. एकाच आकाशाकडे पाहणारी दोन जगं तिथे शेजारी उभी आहेत.

याच संदर्भात एक हकिकत. प्रयोगाच्या सुमारास कोस्त्रोमा गावात एक तरुण सून व्होल्गात बुडून मेली. घरची परिस्थिती नाटकासारखीच. गावकऱ्यांची पुढे कित्येक वर्षं खात्री होती, की ओस्त्रोव्स्कीने हीच घटना उचलली. पण तो मृत्यू नोव्हेंबर 1859 मधला आणि नाटक ऑक्टोबरमध्येच लिहून झालेलं. म्हणजे त्याने एका घराची गोष्ट लिहिली नव्हती. काटेरीनाचं बालपण आणि तिची स्वप्नं मात्र एका खऱ्या बाईकडून आली. पहिली काटेरीना रंगवणारी नटी ल्युबोव्ह कोसित्स्काया भूदास घरातली. असंच स्वप्न तिच्याकडून ऐकलं, अशी टीप हस्तलिखितात आहे.

यावरून तालमीचा मुद्दा निघतो. ओस्त्रोव्स्की नटांसाठी, त्यांचे आवाज कानात ठेवून लिहायचा. स्वतःच्या नाटकाचा प्रयोग पाहण्यापेक्षा विंगेत उभं राहून ऐकायचा. म्हणून पात्रनिवड कानाने करा. फेक्लुशा ही यात्रेकरू बाई, दूरदेशी कुत्र्याच्या तोंडाची माणसं असतात असं ठामपणे सांगते. तिची भाषा पोथी ऐकणाऱ्या बाईची हवी. कुलीगिन जुन्या कवींच्या ओळी म्हणतो, त्याची भाषा जरा पुस्तकी. दिकोय अर्धं वाक्य गिळतो. तुमच्या अनुवादात सगळे एकाच प्रमाण मराठीत बोलत असतील, तर नाटक भडक वाटण्याचं निम्मं कारण तेच आहे.

मराठी गावात घडवावं का, हेही तुम्ही विचारलंय. ते तुमच्या अनुवादकावर अवलंबून आहे. पापाच्या कबुलीची कल्पना, परवाना आणि विधवेची मालकी या तीन गोष्टींना आपल्याकडे तितकंच पक्कं काही सापडत असेल तरच रूपांतर करा. मला दुसऱ्यासाठी काही सुचतं, पहिल्यासाठी नाही. आणि विधवेची मालकी आपल्या एकोणिसाव्या शतकात नेऊन ठेवलीत तर उलटंच होईल. म्हणून मी व्होल्गाकाठीच ठेवलं असतं, पण भाषा गावच्या मराठीची.

त्याच्या उरलेल्या आयुष्याबद्दल फार वाचायची गरज नाही. एवढं पुरे: शाही थिएटरं मोबदला तुटपुंजा देत, प्रांतांतली मंडळं तर काहीच नाही, म्हणून त्याने नाटककारांची संघटना बांधली आणि शेवटपर्यंत तिचा अध्यक्ष राहिला. 1886 च्या सुरुवातीला मॉस्कोच्या शाही थिएटरांच्या नाट्यनिवडीची सूत्रं त्याच्या हाती आली आणि जूनमध्ये कोस्त्रोमाजवळच्या श्चेलिकोवो या आपल्या घरी, शेक्सपिअरचं भाषांतर करता करता तो गेला.

शेवटी तुमच्या संस्थेच्या परिस्थितीबद्दल. तालमीला पुरेसे महिने असतील आणि पाचही अंक जवळपास पूर्ण ठेवता येत असतील तर ‘वादळ’च करा. दीड तासात बसवायचं म्हणून फेक्लुशा, कुलीगिन आणि ती म्हातारी गाळणार असाल, तर करू नका, कारण मग खरंच सासूसुनेची गोष्ट उरते. अशा वेळी त्याचं 1878 चं ‘हुंडा नसलेली मुलगी’ पाहा. तीही व्होल्गाकाठचीच, पण तिथे व्यापारी शिकलेले, युरोपी कपड्यांतले, आणि नायिका लारिसा कुणाच्या वाट्याला यावी यासाठी नाणं उडवणारे. सगळं एका दिवसात घडतं, मुख्य पात्रं कमी आहेत आणि कापाकापीला जागा आहे. पहिल्या प्रयोगांना ते पडलं. 1896 मध्ये कोमिसार्झेव्स्कायाने लारिसा केली तेव्हा लोकांना कळलं काय हातात आहे ते. तुमच्याकडे तशी, कमी आवाजात बोलून सभागृह धरणारी नटी असेल, तर ते आधी वाचून बघा आणि मग ठरवा.